त्या व्याह्यांचा पत्ता द्या

६ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. पण फोन केला की तुमच्या शेजारी व्याही, माझ्या शेजारी तुमची लेक आणि तुमचे जावई, आणि तिघं मिळून आपल्या दोघींना धड बोलू देत नाहीत. शिवाय मुलांचं लग्न ठरत होतं तेव्हापासून आपल्याला जो पत्रांचा नाद लागलाय तो सोडायचा नाही, हे तुमचंच म्हणणं. तर आता बैठक मारून वाचा. माझं डोकं आज भट्टीसारखं तापलंय.

चहाच्या सुट्टीत मी पॅकिंगमधून हात पुसत बाहेर आले, तर नोटिशीच्या फळ्यापुढे ही गर्दी! मला वाटलं बोनस. कसला बोनस घेऊन बसलात! आमच्या कारखान्यात पगारातून दर महिन्याला थोडे पैसे कापून कामगारांचा आरोग्य निधी चालतो, हे मी तुम्हाला मागे सांगितलं होतं. भट्टीत भाजलं, मशीनमध्ये बोट सापडलं, ऑपरेशन निघालं, महिन्याची औषधं लागली, सगळं त्यातून. पाव भाजणाऱ्यांना दुसरा विमा कोण देतो? आणि नोटिशीत काय, तर पुढल्या वर्षापासून एचआयव्हीच्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च निधी देणार नाही. कारण दिलंय, "दीर्घकाळ चालणारा खर्च, आणि सभासदाच्या स्वतःच्या वर्तनातून उद्भवणारा आजार." १६ मार्चला सभासदांची सभा, तिथे मतदान.

वर्तन! माझ्या मागे कोणीतरी हसलंसुद्धा. मला असा संताप आला की चहा तसाच बाकावर ठेवून मी आत निघून आले.

आमच्या पॅकिंगमध्येच एक बाई आहे, तिला हा आजार आहे. नाव सांगत नाही, तिला चालायचं नाही. नवरा त्यातच गेला, ही राहिली. रोज गोळी घेते, कामाला उभी राहते, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही इतकी धडधाकट आहे. निधीच्या कागदावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, म्हणून इथे कोणाला पत्ता नाही. सरकारी दवाखान्यातल्या फुकटच्या गोळ्या तिला सोसल्या नाहीत, आणि सोसतात त्या स्वतःच्या पगारातून आणायच्या म्हटल्या तर चूल बंद. आणि गोळ्या बंद केल्या तर दबलेला आजार पुन्हा डोकं वर काढणार.

विहीणबाई, तुमचा जन्म विम्याच्या ऑफिसात दावे तपासण्यात गेला. हे निधीवाले, विमावाले आतून कशाला घाबरतात ते तुम्हाला ठाऊक असणार. मला शिकवा. मला नुसतं ओरडता येतं, आणि ओरडणाऱ्या बाईकडे लोक मजा म्हणून बघतात.

तुमची लेक मजेत आहे. काल म्हणाली, "आई, तुम्ही समितीवरच उभ्या राहा, मी पोस्टर रंगवते." तिच्या अंगात कोणाचं वारं आलंय ते मी सांगायला नको.

तुमची पाववाली विहीण


१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच मी खुर्चीत ताठ बसले. हल्ली माझ्या वाट्याला भांडण म्हणून जे येतं ते दूधवाल्याशी, आणि तो मेला लगेच चूक कबूल करतो. त्यात काय राम!

आता नीट ऐका. दया मागू नका. दया आली की ही माणसं तुम्हाला बसवतात, चहा पाजतात, मान हलवतात आणि परत पाठवतात. मी स्वतः पाठवलंय, म्हणून सांगते. त्यांना भीती असते ती एकाच प्रश्नाची. आज हा आजार वगळलात, उद्या कुठला? मी बघितलंय हो. आधी एक आजार काढतात, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसतं म्हणून. मग किडनीचा काढतात. मग शुगरवर मर्यादा घालतात. एकदा कात्री हातात आली की तिला कापायची चटक लागते.

तेव्हा तुमच्याकडे जन्मभर औषध चालणारं आणखी कोण आहे ते हुडका. शुगरवाले, बीपीवाले. आणि पिठात काम करणाऱ्यांना दमा होतो ना? आमच्याकडे एका बेकरीवाल्याचा दावा आला होता, त्याची छाती पिठाच्या धुळीनेच गेली होती. त्या लोकांकडे जा. एचआयव्ही हा शब्द उच्चारायच्या आधी त्यांच्या पंपाबद्दल विचारा.

आणि सभेत हात वर करून मतदान ठेवतील, बघा तुम्ही. म्हणजे ज्याचा हात वर जाईल त्याच्याकडे सगळे संशयाने बघणार, हाही त्यातलाच का म्हणून. तुम्ही चिठ्ठ्यांनी मतदान मागा. लेखी मागा.

राहता राहिली ती बाई. ती स्वतः बोलली तर बरं होईल. नंबराविरुद्ध मत द्यायला काही वाटत नाही, समोर उभ्या माणसाविरुद्ध द्यायला हात जड होतो.

एक विचारते, रागवू नका. ती पॅकिंगमध्ये आहे म्हणजे पावाला हात लावते ना? त्याचं काही नसतं ना? लोक विचारतील म्हणून आपलं विचारून ठेवते. बरं, लोकांवर कशाला ढकलू, माझ्याच मनात आलं.

हे म्हणतात, बायकोला बाहेर भांडण मिळालं, आता घरात शांतता. म्हणू देत. काय काय घडतं ते सगळं कळवा, काही गाळू नका.

तुमची ऑफिसवाली विहीण


२१ फेब्रुवारी

विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी जरा अडखळले होते, खोटं कशाला सांगू. पण विचारलंत ते बरं केलंत, कारण आमच्या निधीच्या खजिनदारानेही तसलाच विचारला.

तर उत्तर असं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या की हाताने, पावाने, पेल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार कोणाला होत नाही. कधीच नाही. इतकंच काय, नेमाने गोळ्या घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला की नवरा-बायकोतसुद्धा तो एकमेकांना जात नाही. त्या बाईच्या रक्तात तो कित्येक वर्षांत सापडलेला नाही. म्हणजे ती गोळी तिला तर सांभाळतेच, दुसऱ्यालाही सांभाळते. तीच बंद करायला निघालेत हे शहाणे!

आता गंमत ऐका. तुमचं पत्र मिळालं त्याच आठवड्यात मी पीठ मळायच्या शेडमध्ये गेले. तिथल्या मुकादमाला सगळे पीठमामा म्हणतात. भुवया, मिशी, कान, सगळं पांढरं. त्यातलं वयाने किती आणि पिठाने किती, ते त्यांच्या बायकोलाही माहीत नसेल.

मी म्हटलं, "मामा, तुमचा पंप कोण देतं?"

"निधी देतो. का गं?"

"दमा बरा कधी होणार?"

"बरा होतोय कसला! मी आणि तो आता बरोबरच जाणार."

"म्हणजे दीर्घकाळ चालणारा खर्च."

मामांनी यंत्र थांबवलं. मी म्हटलं, "आणि पीठ नाकात ओढलं कोणी? तुम्हीच. म्हणजे वर्तन तुमचं."

"अगं, मी काय हौसेने ओढलं? इथे काम करतो म्हणून गेलं ना छातीत!"

"खजिनदार म्हणेल, तोंडाला फडकं का नाही बांधलंत?"

विहीणबाई, त्यांनी खिशातून पंप काढला, दोनदा ओढला, आणि म्हणाले, "कोण म्हणतो तसं? चल, दाखव मला." आणि निघालेच! मी मागून पळतेय. खजिनदाराच्या टेबलावर दोन्ही हात असे आपटले की त्याच्या हिरव्या कापडावर दोन पांढरे पंजे उमटले. तो बिचारा झटकतोय आणि ते आणखी पसरतंय.

खजिनदार वाईट माणूस नाही हो. मुळात हिशेबी. म्हणाला, "निधीत खड्डा पडलाय. कुठेतरी कापावंच लागेल."

मी म्हटलं, "सगळे मिळून थोडं थोडं जास्त भरू. एकाचंच का कापता?"

"आणि आपल्याकडे असे कामगार आहेत हे बाहेर कळलं, तर आपला पाव कोण घेईल?"

"ते आजही आहेत," मी म्हटलं, "आणि पाव आजही खपतोय."

आणि दोन दिवसांनी चिठ्ठ्यांचा अर्ज त्याच्या हातात ठेवला, त्यावर शेडमधल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. त्यातल्या निम्म्या सह्या पिठाने पुसट झाल्यात, पण चालतील म्हणाला.

परवा आणखी एक झालं. मालाच्या धक्क्यावर आमचा एक गाडीवाला क्रेट चढवत होता. टायरकडे बघत, मान वर न करता म्हणाला, "ताई, मी पण त्यातलाच. गोळ्या बंद झाल्या तर मी गाव सोडीन, इथे कोणाला सांगणार नाही." आजार कसा झाला ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी नुसतं म्हटलं, "कुठे जाऊ नकोस. मी आहे." मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि तो निघून गेला. पण विहीणबाई, त्यानंतर मला झोपायला सांगा, बसायला सांगा, जमेल तर शपथ!

तुमची एक सूचना मात्र पार पडायची नाही. ती बाई उभी राहायला तयार नाही. तिला कारखान्याची फारशी भीती नाही. तिच्या मुलाला माहीत आहे, सुनेलाही. पण सुनेच्या माहेरी माहीत नाही. फार चांगली माणसं आहेत ती, आणि हिचा त्यांच्यावर जीव आहे. कळलं तर तुटतील, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय.

तुमची पाववाली विहीण


२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

पीठमामांचं वाचून मी इतकी हसले की हे चष्मा लावून बाहेर आले, काय झालं बघायला. मी त्यांना तो भाग मोठ्याने वाचून दाखवला, मग तेही हसले, मग आम्ही पुन्हा वाचला. "ते आजही आहेत आणि पाव आजही खपतोय!" हे वाक्य मी नोकरीत असते तर फळ्यावर लिहून ठेवलं असतं.

पण शेवटचा भाग वाचला आणि माझं पित्त खवळलं. कोण हो ते व्याही? मुलगी दिली म्हणजे काय उपकार केले? ज्या बाईने नवऱ्यामागे एकटीने मुलगा वाढवला, त्याला शहाणा केला, त्याच्या हाती यांची मुलगी सुखात आहे, तिच्या औषधाचं नाव ऐकून त्यांना घेरी येणार असेल तर खुशाल येऊ दे. तोंडावर पाणी मारायला मी येते. त्या व्याह्यांचा पत्ता द्या मला. खरंच द्या. मी लिहिते त्यांना. ऑफिसात माझी पत्रं वाचून शाखेचे साहेब रजेवर जायचे, हे तुम्ही ऐकलंयत.

आणि त्या बाईलाही माझा निरोप सांगा. तिने त्यांना न विचारताच ठरवून टाकलं की ती माणसं तुटतील. हा कुठला न्याय? कदाचित असतीलही बिचारी बरी. एकदा सांगून तर बघायचं. मी त्यांच्या जागी असते तर मला आजारापेक्षा न सांगितल्याचंच जास्त लागलं असतं.

पत्त्याची वाट बघते. पेनात शाई भरून ठेवली आहे.

तुमची ऑफिसवाली विहीण


३ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र चारदा वाचलं.

पत्ता मागितलात, देते. पाकिटाच्या मागे तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिता ना, तोच.

ती बाई मी आहे. तुमच्या जावयांनी लग्नाची बोलणी पुढे जायच्या आधीच तुमच्या लेकीला सांगितलं होतं, आणि तिने एका शब्दाने खळखळ केली नाही. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं. दोघांना शपथ घातली. त्यात मुलांचा दोष नाही.

सगळं बाईच्या नावावर घालून लिहिलं, कारण तसं लिहिताना पेन अडत नव्हतं. तुम्ही रागावाल, लिहायच्या नाहीत, येणं-जाणं बंद कराल, तर मला ते कळेल. फक्त लेकीवर राग काढू नका.

सभा सोळालाच आहे. मी उभी राहणार आहे. तुमचा निरोप मिळाला त्या बाईला.

तुमची विहीण


१७ मार्च

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं नाही. तुमच्या लेकीचा चेहरा बघते आणि मी काही विचारत नाही. पण ज्यांनी मला भांडायला शिकवलं त्यांना निकाल कळवायचा नाही, हे मला पटेना. पत्र फाडायचं असेल तर वाचून फाडा, एवढं करा. कारण आम्ही जिंकलो! जिंकलो हो विहीणबाई!

सभा जेवणघरात होती. बाकं कमी पडली म्हणून लोक पावाचे रिकामे क्रेट उलटे घालून बसले होते. मतांच्या चिठ्ठ्यांसाठी आमच्याच पॅकिंगचं खोकं, वर फट पाडलेली. खजिनदाराने आधी हिशेब वाचला. नीट वाचला, कोणावर चिखल उडवला नाही. मग विचारलं, कोणाला बोलायचंय?

मी उठले. काय बोलायचं ते घोकून आले होते, तुमच्या पहिल्या पत्रातला कात्रीचा मुद्दा आणि पंपाचा मुद्दा. उठल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून निघालं ते हेच, "ज्या नंबराच्या गोळ्या तुम्ही बंद करताय, त्यातला एक नंबर मी आहे."



माझ्या शेजारी माझी पॅकिंगची जोडीदारीण बसली होती. आम्ही दोघी कैक वर्षं एकाच डब्यातून खातोय. ती उठली आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. विहीणबाई, त्या एका क्षणी मला वाटलं, संपलं. खाली बसावं, दाराने बाहेर जावं.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "कसा झाला तेही सांगा की!"

आणि बरं झालं ओरडला. माझं डोकं पुन्हा तापलं आणि सगळं आठवलं. मी म्हटलं, "नाही सांगणार. माझा कसा झाला ते सांगितलं तर तुम्हाला माझी कीव येईल, आणि दुसऱ्याचा कसा झाला ते ऐकून येणार नाही. मग मला गोळी द्याल आणि त्याला नाही. दम्याच्या माणसाला विचारता का कसा झाला? भाजलेल्याला विचारता का, लक्ष कुठे होतं तुझं? आजारी पडलेल्या माणसाला आधी वर्तनाचा दाखला मागायचा असेल तर आपला निधी मोडा आणि पैसे वाटून घ्या. मी पगारातून तुमच्या सगळ्यांच्या आजाराला पैसे भरलेत. कोणाचा कसा झाला ते विचारलं नाही."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणंही सांगितलं, जसंच्या तसं. आणि खाली बसले.

खजिनदार म्हणाला, "आता चिठ्ठ्या वाटू." तर पीठमामा उठले. खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत सगळी सभा थांबली. मग म्हणाले, "चिठ्ठ्यांसाठी पहिली सही माझीच आहे. पण ही बाई उघड बोलली, आता मी ठरावाविरुद्धचं मत लपून देणार नाही." आणि हात वर!

खजिनदार म्हणाला, "अहो मामा, अजून ठराव वाचला नाही मी!"

"वाच तू निवांत. हात दुखेपर्यंत वर ठेवतो."

हशा पिकला. त्या हशात शेडमधले हात वर गेले, मग भट्टीवाले, मग सफाईवाल्या बायका. सगळे नाही. काही जण उठून बाहेर गेले, काही जमिनीकडे बघत बसले. गाडीवाला दाराशी उभा होता. त्याने हात वर केला. तेवढं खूप झालं. आणि माझी जोडीदारीण मागच्याच रांगेत होती, माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचाही हात वर होता! याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही. आज तिने डबा वेगळा खाल्ला. उद्या मी तिच्याशेजारी जाऊन बसणार आहे, बघू काय करते.

मोजणी दोनदा झाली, कारण खजिनदाराला पहिली पटेना. ठराव पडला. मग सगळ्यांची वर्गणी किंचित वाढवायचा ठराव आला, त्यावर खूप कुरकुर झाली, पण तोही पास झाला.

जाता जाता खजिनदार माझ्याजवळ आला. "माझी बेरीज चुकलेली नव्हती," म्हणाला.

मी म्हटलं, "बेरीज बरोबरच होती साहेब. वजाबाकी माणसांची केलीत."

तो हसला नाही. पण माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.

घरी आले तर तुमच्या लेकीने मला उचलून गोल फिरवलं. तुमचे जावई ओरडताहेत, "अगं, आईची कंबर!" आणि मी हसतेय आणि रडतेय. त्या गडबडीतही मला वाटत होतं की तुम्ही असायला हव्या होतात.

तुमची विहीण


२५ मार्च

विहीणबाई,

तुमचं जिंकल्याचं पत्र मी दारातच उभं राहून वाचलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती. पीठमामांनी हात वर केला तिथे मी शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "शाब्बास" म्हटलं.

तुम्ही सभेत एकट्या उठलात तेव्हा माझं पत्र तुमच्या हातात हवं होतं. ते नव्हतं. त्याला मी सबब देत नाही, काय झालं ते सांगते.

तीन मार्चचं पत्र आलं आणि मी लेकीला फोन केला. "तुला माहीत होतं?" "लग्नाआधीपासून." "मग मला का नाही?" ती म्हणाली, "आई, तू तोंडाने काही बोलली नसतीस. पण आमच्याकडे आलीस की स्वतःचा पेला घेऊन आली असतीस." मी फोन आपटला. राग आला, कारण मुलीने मला बरोबर ओळखलं होतं. मोठमोठ्या गप्पा मारल्या मी त्या व्याह्यांबद्दल! तुम्हाला लिहायला बसायची आणि पहिल्या ओळीशीच लाज वाटायची. असे दिवस गेले.

मग एक गोष्ट मनात आली. आम्हा निवृत्त लोकांचीही एक आरोग्य योजना आहे. म्हटलं, बघू तरी, आमच्यात हा आजार बसतो का. सरळ कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाला विचारलं, "एचआयव्हीची औषधं आपल्या योजनेत मिळतात का?"

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत ठेवलेलं माझं ओळखपत्र त्याने पेनाच्या टोकाने माझ्याकडे सरकवलं. हाताने नाही हो, पेनाच्या टोकाने. आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे आपल्याकडे बसत नाही."

विहीणबाई, "माझ्यासाठी नाही, माझ्या विहिणीसाठी विचारते" हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. अगदी ओठांवर. एवढं म्हटलं असतं की तो ओशाळला असता, हसला असता, माझं ओळखपत्र नीट हातात दिलं असतं. मी म्हटलं नाही. तशीच उभी राहिले. माझे कान गरम झाले, मागच्या रांगेतले लोक माझ्या पाठीकडे बघताहेत असं वाटलं. मला तर केव्हाही एका वाक्यात त्यातून बाहेर पडता आलं असतं. तुम्हाला ती सोय नव्हती, आणि तुम्ही मला हसवणारी पत्रं लिहीत होता.

मग मात्र माझ्यातली जुनी बाई जागी झाली. मी ओळखपत्र पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "हे हाताने उचला आणि माझ्या हातात द्या." त्याने दिलं. "आता साहेबांना बोलवा." साहेब आले. मी विचारलं, कुठले कुठले आजार बसत नाहीत, मोठ्याने वाचून दाखवा. ते वाचत गेले तसतशी मागची रांग पुढे सरकू लागली. "अहो, हा तर माझा!" एक निवृत्त टंकलेखक ओरडले. बघता बघता खिडकीपुढे मेळावा भरला. मला तिथून घरी न्यायला ह्यांना यावं लागलं, आणि येऊन तेही भांडायला लागले! जन्मात आवाज न चढवलेला माणूस!

तर आता आमची सभा १२ एप्रिलला आहे. आमच्याकडे मुद्देसूद बोलणारे पुष्कळ आहेत, पण जिंकलेलं एकही माणूस नाही. तुम्ही या. बोलायचं की नाही ते इथे येऊन ठरवा, मी तुमच्या नावाने कोणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. नुसत्या माझ्या शेजारी बसलात तरी मला पुरे. मुलांना आणायचं असेल तर आणा, नसेल तर त्यांना म्हणावं, आम्हा दोघींना बोलू द्या.

माझ्याच खोलीत निजायचं. ह्यांनी स्वतःची गादी दिवाणखान्यात हलवलीसुद्धा.

अजून राग असेल तर तो घेऊन या. पण या.

तुमची विहीण


२९ मार्च

विहीणबाई,

राग कसला! पत्र वाचून मी पॅकिंगच्या टेबलावर अशी थाप मारली की पिशव्या उडाल्या.

रजा मिळाली. अर्जावर कारण लिहायची जागा होती, तिथे मी "विहिणीकडे महत्त्वाचं भांडण" असं लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

दहा तारखेला सकाळच्या गाडीने निघते, एकटीच. मुलं मागाहून येतील म्हणतात, मी म्हटलं या सावकाश. स्टेशनवरून सामान घरी टाकू, चहा घेऊ, आणि मला आधी त्या खिडकीपाशी घेऊन चला. सभेच्या आधी एकदा त्या माणसाला विचारून बघू, अजून बसत नाही का म्हणून. या वेळी ओळखपत्र तुम्ही द्यायचं, प्रश्न मी विचारणार. आणि त्याने विचारलंच, नक्की कोणासाठी विचारताय, तर मी सांगणार आहे, माझ्यासाठी.

तुमची विहीण